जुना जुळवलेला संगणक घ्यावा का?

प्रश्न : बेळगावातील एक गृहस्थ स्वतः जुळवलेला डेस्कटॉप २४,००० रुपयांना विकत आहेत. त्यात आय-सेव्हन ७७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम व वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी तो घ्यावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : या किमतीला घेऊ नये, असे आमचे मत आहे. ‘आय-सेव्हन’ या नावाला वजन असले, तरी हा प्रोसेसर २०१७ सालचा, सातव्या पिढीचा आहे. विंडोज ११ ला इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची साधारणतः आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा) ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. शिवाय त्याच मदरबोर्डवर (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य फलकावर) आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नसल्यामुळे पुढे सुधारणा करायची, तर मदरबोर्डही बदलावा लागेल. विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली चालेल; मात्र मुलीला लागणारी सॉफ्टवेअरे त्यावर मिळतात का, हे महाविद्यालयात आधी विचारावे.

किंमत बरीच उतरली, तर बेळगावला स्वतः जाऊन संगणक तासभर चालवून पाहावा, एसएसडीची (माहिती साठवणाऱ्या भागाची) प्रकृती तपासावी आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) कोणत्या कंपनीचा आहे, हे न विसरता पाहावे. जुळवणारे बहुधा काटकसर करतात ती तिथेच, आणि तो बिघडला तर इतर भागांनाही इजा होऊ शकते.