झोनिंगची मीटिंग, शेजारी आणि "आपली संख्या वाढली की होईल" (लांबलंय, पण वाचा)

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मंदिर आणि हॉलसाठी बंद पडलेली इमारत घेतलीत, गावात कुठे काय बांधायचं याची परवानगी देणाऱ्या प्लॅनिंग कमिशनच्या हिअरिंगला शेजाऱ्यांनी विरोध केला, एक जण माइकवर येऊन "हे आमचं गाव राहिलं नाही" म्हणाला, आणि आता तुमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो उद्याच केस टाका, दुसरा म्हणतो गप्प बसा, दहा-पंधरा वर्षांत आपली संख्या वाढली की आपोआप होईल. शेवटी तुम्ही विचारलंय की इतक्या तऱ्हेची माणसं एकत्र आल्यावर अमेरिकेतली लोकशाही टिकणार कशी. मीही मिशिगनमध्येच आहे, डेट्रॉइटच्या आसपास, आणि आमचं अगदी हेच झालं होतं म्हणून लिहितोय. गावाचं नाव घेत नाही. मी वकील नाही, झोनिंगचे (कुठल्या जागेवर काय चालेल त्याचे) नियम दर गावाला वेगळे असतात, त्यामुळे कागदपत्रांचं काय ते तुमच्या आर्किटेक्टला विचारा. साइट प्लॅन, पार्किंगची गणितं वगैरे तुम्ही केलेलीच असणार, त्यात जात नाही.

सगळ्यात महागात काय पडलं ते आधी सांगतो, कारण ती चूक माझीच होती.

पहिल्या हिअरिंगला आम्ही झाडून सगळ्यांना बोलावलं. मराठी, गुजराती, तेलुगू, दीडशेच्या वर माणसं, सगळ्यांना भगवे टीशर्ट. हॉल भरला, बाकीचे बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे. आम्हाला वाटलं कमिशनला कळू दे आपण किती जण आहोत. पब्लिक कमेंटला प्रत्येकाला तीन मिनिटं. मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या, सत्तरीच्या असाव्यात, हातात तीन फोटो. म्हणाल्या जोराचा पाऊस झाला की माझ्या बेसमेंटमध्ये पाणी येतं, त्या प्लॉटवर तुम्ही अजून डांबर टाकलंत तर ते पाणी कुठे जाणार. बास, एवढंच बोलल्या. त्यांच्या नंतर माझा नंबर होता. त्यांच्या आधी दोन जण खरंच घाणेरडं बोलून गेले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी म्हणालो, "पाण्याचं निमित्त आहे, खरं कारण काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे." आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

ते सगळं व्हिडिओवर होतं, या मीटिंगा रेकॉर्ड होतात. दुसऱ्या दिवशी ती क्लिप गावाच्या फेसबुक ग्रुपवर, की बघा, हे लोक आपल्या म्हाताऱ्या शेजारणीला रेसिस्ट म्हणतात. पुढच्या हिअरिंगला आमच्यापेक्षा जास्त माणसं विरोधात आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना आमच्या मंदिराशी काही देणंघेणं नव्हतं, ते त्या बाईंसाठी आले होते. प्रकरण चौदा महिने लांबलं. तेवढे महिने रिकाम्या इमारतीचा हप्ता, विमा, प्रॉपर्टी टॅक्स, वकिलाची बिलं, आणि देणगी दिलेल्या लोकांचे फोन.

त्यात ऑफिसची तऱ्हा. काउंटरवर कधीही जा, उत्तर एकच, "ऑर्डिनन्समध्ये (म्हणजे गावाच्या नियमांत) आहे, वेबसाइटवर बघा." ट्रॅफिकचा रिपोर्ट तीन वेळा परत पाठवला, दर वेळी नवी त्रुटी, पहिल्याच वेळी तिन्ही सांगायला काय हरकत होती मला आजही कळलेलं नाही. एकदा तर हिअरिंगच्या दिवशी संध्याकाळी कळलं की नोटिसा जुन्या पत्त्यांच्या यादीवर गेल्यात म्हणून हिअरिंग रद्द. इथल्या कायद्यात ३०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना निदान १५ दिवस आधी नोटीस जावी लागते, आणि ते काम ऑफिसचं होतं, आमचं नाही. दोन महिने गेले. कोणी सॉरीसुद्धा म्हणालं नाही. तर तुम्ही ती यादी आधीच मागून घ्या, स्वतः तपासा, आणि काउंटरवर जे तोंडी सांगतात ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा, "आज आपण असं म्हणालात" म्हणून.

पण ऑफिसने खाल्लेले दोन महिने आणि माझ्या एका वाक्याने गेलेले चौदा महिने, हिशोब तुम्हीच करा.

शेवटी आम्ही दोघं जण एका शनिवारी त्या बाईंच्या दारात गेलो. आधी चिठ्ठी टाकली होती. पाच मिनिटं दारातच उभे होतो, मग त्यांनी खाली बेसमेंटमध्ये नेलं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती, पाणी जिथवर चढलं होतं तिथवर. संप पंप (बेसमेंटमधलं पाणी उपसणारे) दोन होते, दुसरा बॅटरीवरचा, कारण लाइट जाते तेव्हाच पाऊस असतो. विटांवर ठेवलेल्या ट्रंका, त्यात नवऱ्याचे कपडे. मी तिथे उभा राहून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं असतं तर मी दाखवलं असतं." बोलता बोलता कळलं की त्यांचे आईवडील पोलिश, बालपण हॅमट्रॅम्कमध्ये गेलेलं, वडील तिथल्या डॉज मेन या मोटारींच्या कारखान्यात. आम्ही प्लॅन बदलला, पार्किंगच्या जागा कमी केल्या, पाणी साठायला मागे तळं काढलं. त्यांनी कमिशनला दोन ओळींचं पत्र दिलं की माझा आक्षेप मिटला. आमच्या बाजूने काही लिहिलं नाही, आणि लिहायची गरजही नव्हती. राजकारणात त्यांचं आणि माझं एकाही मुद्द्यावर पटत नाही, आजही नाही.

याचा अर्थ विरोध करणारे सगळे साधेभोळे असतात असं मी अजिबात म्हणत नाही. घाणेरडं बोलणारे खरे होते, एकाने आमच्या सेक्रेटरीला पाठवलेला मेल मी वाचलाय. आणि कायदा आपल्या बाजूला आहे, धार्मिक जागांवर झोनिंगच्या नावाने अन्याय होऊ नये म्हणून २००० साली फेडरल कायदा झालाय. आपल्याच भागातलं उदाहरण, स्टर्लिंग हाइट्समध्ये २०१५ ला मशिदीचा अर्ज नामंजूर झाला, २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या जस्टिस डिपार्टमेंटने शहरावर केस केली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन परवानगी मिळाली. ट्रॉयमध्येही तेच, २०१९ ला केस, २०२२ ला निकाल शहराच्या विरोधात. म्हणजे केस हे हत्यार आहे, फक्त आधी शेजाऱ्याचं दार वाजवा, वकील नंतर. (आमच्या वकिलांचंही हेच मत होतं, आम्ही ऐकलं नाही.)

आता स्टर्लिंग हाइट्सची एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिथे मशिदीला विरोध करणाऱ्यांत इराकमधून आलेले खाल्डियन ख्रिश्चन पुष्कळ होते. तेही स्थलांतरित, इंग्लिश तोडकंमोडकं बोलणारे, बरेचसे जिवाच्या भीतीने देश सोडून आलेले. इराकमध्ये त्यांनी जे भोगलं ते खोटं नाही, पण इथे त्याची शिक्षा दुसऱ्यालाच, ज्याने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. म्हणून गोरे विरुद्ध आपण असं चित्र मला पटत नाही. मुंबई-पुण्यात फ्लॅट भाड्याने देताना आडनाव, खाणंपिणं काय काय विचारतात ते आपल्याला माहीत आहे ना, मग माणसाचा स्वभाव विमानात बसला की बदलेल असं का धरून चालायचं.

आणि म्हणूनच "आपली संख्या वाढली की होईल" म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला माझा ठाम विरोध आहे. त्यांना हॅमट्रॅम्क बघायला सांगा, तुमच्यापासून फार लांब नाही. दोन चौरस मैलांचं गाव, चारही बाजूंनी जवळजवळ डेट्रॉइटच, एके काळी पक्कं पोलिश. मग येमेनी आले, बांगलादेशी आले. २००४ मध्ये अजान लाउडस्पीकरवर द्यायची की नाही यावरून देशभर गाजलं, मतदान झालं आणि गावाने होकार दिला. त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहणारे इतर धर्मांचे लोकही होते. २०२१ च्या निवडणुकीनंतर तिथली अख्खी सिटी कौन्सिल मुस्लिम झाली, लोकांनी कौतुकाने बातम्या वाचल्या, आणि २०२३ च्या जूनमध्ये त्याच कौन्सिलने शहराच्या जागेवर प्राइडचा (समलिंगी वगैरे लोकांच्या हक्कांचा) झेंडा लावता येणार नाही असा ठराव केला. ज्यांनी आधी साथ दिली होती त्यातले कितीतरी जण दुखावले. मी मुसलमानांना नावं ठेवत नाहीये, कृपया तसं वाचू नका, उद्या आपण बहुमतात आलो तर आपण वेगळं वागू याची मला खात्री नाही एवढंच म्हणतोय. आमच्या मंडळात गणपतीच्या जागेवरून दोन गट पडून वर्षभर बोलणं बंद होतं, आणि ते तर सगळे एकाच भाषेचे.

आपल्याच इतिहासातली गोष्ट सांगतो, मुलांनाही सांगा. भगतसिंग थिंद नावाचे शीख गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच मिळायचं. थिंद यांनी कोर्टात मांडलं की मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणजे गोराच. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने नाही म्हटलं, आणि त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचंही काढून घेतलं. त्या काळात त्यांच्यापुढे मार्ग फार नव्हते हे मान्य, पण "मला तुमच्यात घ्या, मी त्यांच्यासारखा नाही" हा युक्तिवाद मला आजही आपल्या पार्ट्यांमध्ये ऐकू येतो आणि पोटात कालवतं. नागरिकत्वाचं ते दार उघडायला १९४६ उजाडलं, आणि भारतातून नव्याने येणाऱ्यांना तेव्हाही वर्षाला १०० जणांचाच कोटा.

तुमचा मोठा प्रश्न, लोकशाही टिकेल का. मला भविष्य माहीत नाही, मी जे बघितलं ते सांगतो. वरच्या प्रकरणानंतर मी निवडणुकीला इलेक्शन इन्स्पेक्टर (मतदान केंद्रावरचा कर्मचारी) म्हणून काम करायला लागलो, आणि माझं मत तुम्ही विचाराल तर प्रत्येक नव्या नागरिकाने एकदा तरी हे करावं. अर्जात पक्ष लिहावा लागतो, कारण टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात. माझ्या शेजारी दुसऱ्या पक्षाचे एक रिटायर्ड टूल अँड डाय मेकर (कारखान्यातले साचे बनवणारे). पहाटे सहाला हजर, मतदान सकाळी सात ते रात्री आठ, नंतर मोजणी जुळवणे. रात्री मतांची पिशवी बंद करताना सीलचा नंबर ते मोठ्याने वाचतात, मी लिहितो, मग मी वाचतो, ते तपासतात, आणि दोघांच्या सह्या. एका वर्षी एक मत जुळेना, चाळीस मिनिटं आम्ही दोघं खाली मान घालून पानं उलटत होतो, शेवटी दोन स्लिपा चिकटलेल्या सापडल्या. त्या चाळीस मिनिटांत त्यांना माझ्यावर आणि मला त्यांच्यावर संशय घ्यायला वेळ नव्हता.

ही कामं क्षुल्लक वाटतात पण मिशिगनमध्ये २०१६ ला अध्यक्षपदाचा फरक १०,७०४ मतांचा होता. २०२० ला निकाल प्रमाणित करणाऱ्या राज्याच्या कॅनव्हासर्स बोर्डावर चार माणसं, दोन-दोन पक्षांची, वरून प्रचंड दबाव, आणि २३ नोव्हेंबरला रिपब्लिकन सदस्य आरॉन व्हॅन लँगेवेल्डे यांनी निकालावर शिक्कामोर्तब करण्याच्या बाजूने मत दिलं. पक्षाने पुढे त्यांना त्या जागेवर परत पाठवलं नाही. समजा त्या दिवशी त्यांनी हात आखडता घेतला असता तर काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या शिल्पकारांतल्या मॅडिसनने १७८७ मध्ये लिहिलं होतं की गट पाडणं माणसाच्या स्वभावातच आहे, आणि उपाय म्हणून गट इतके असावेत की कोणा एकाला सगळं गिळता येऊ नये. त्याचं पहिलं वाक्य मला शंभर टक्के पटतं. दुसरं तेव्हाच चालतं जेव्हा त्या गटांतली माणसं एका टेबलाशी बसतात, आणि आपण भारतीय तिथे फार कमी दिसतो. देणगीच्या डिनरला दिसतो.

बाजूची एक माहिती, मुलगा अकरावीत आहे म्हणालात ना, इथे १६-१७ वर्षांच्या मुलांनाही इन्स्पेक्टर म्हणून घेतात, गावाच्या निवडणुका बघणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसात विचारा. पैसेही मिळतात. आणि प्लॅनिंग कमिशनवर माणसं नेमली जातात, नेमणारं बोर्ड निवडून येतं, त्या निवडणुकीला तुमच्या ग्रुपमधल्या किती जणांनी मत दिलं ते एकदा विचारून बघा. मी विचारलं होतं. दीडशे टीशर्टवाल्यांमध्ये अकरा हात वर आले.

पुढची हिअरिंग तीन आठवड्यांवर आहे म्हणता. टीशर्ट नकोत. बोलायला चार जणं पुरे, त्यातला एक तरी गल्लीतला, आपल्या समाजाबाहेरचा. ३०० फुटांतली घरं साधारण किती आहेत? आमची सव्वीस होती, दोन शनिवारांत झाली. सहा जणांनी दार उघडलं नाही, एकाने तोंडावर लावलं, बाकीच्यांनी पाण्याचं, लाइटचं, रात्रीच्या आवाजाचं विचारलं. वही घेऊन जा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. "हे आमचं गाव राहिलं नाही" म्हणणारा माणूस त्या यादीत असेल तर त्याच्याकडेही जा, शेवटी जा, पण जा. तो काय म्हणाला ते इथे येऊन नक्की लिहा.