दाढ काढली, ओठ बधिर: सही करू की नको?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, पुण्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आठ महिन्यांपूर्वी माहेरी साताऱ्याला असताना डावीकडची खालची अक्कलदाढ ठणकायला लागली. तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. दाढ आडवी आहे, छोटं ऑपरेशन लागेल म्हणाले. रविवारी बाहेरून एक सर्जन आले. त्यांनी हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढली. इंजेक्शन दिल्यावर खुर्चीतच एका इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. तेव्हापासून डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहा ओघळला तरी कळत नाही. वर्गातली मुलं सांगतात, ‘बाई, पोहे लागलेत.’ ११,००० रुपये गूगल पेने दिले, बिल मिळालं नाही. आता एक्स-रे मागितला तर डॉक्टर म्हणतात, ‘१५,००० घ्या आणि माझी काही तक्रार नाही असं लिहून द्या, मग देतो.’ भाऊ म्हणतो पोलिसांत जा. काय करू?

उत्तर: ताई, त्या कागदावर सही करू नका. निदान एक्स-रे हातात येऊन तो दुसऱ्या तज्ज्ञाने पाहीपर्यंत तरी नाही. सही केली म्हणजे सगळे दरवाजे बंद, असं नाही. विम्याचे पैसे देताना कंपनी सही घेते त्या पावत्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलंय की फसवून किंवा दबावाखाली घेतलेली ‘पूर्ण रक्कम मिळाली’ ही सही आडवी येत नाही. पण तो दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. आयतं कशाला ओढवून घ्यायचं?

आता थोडं कडू. ओठ बधिर झाला म्हणून डॉक्टर दोषी ठरले, असं कायदा मानत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी. अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला अगदी चिकटून असतात. हात कितीही कसलेला असला तरी काही रुग्णांत ती दुखावते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा कायम राहतो. सर्जन चांगला असूनही हे होऊ शकतं, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच म्हणणार.

मग तुमची बाजू कशावर उभी राहील? त्या एक्स-रेवर, आणि त्याआधी तुम्हाला काय सांगितलं गेलं त्यावर.

पूर्ण जबड्याचा जो एक्स-रे काढतात, ओपीजी, त्यात नसेचा मार्ग दोन बारीक पांढऱ्या रेघांमधल्या काळसर पट्ट्यासारखा दिसतो. दाढेचं मूळ त्यावर आलं असेल आणि तिथे पांढरी रेघ तुटलेली किंवा मूळ गडद झालेलं दिसत असेल, तर ती धोक्याची खूण मानतात. ती दिसल्यावर जपून काम करणारा सर्जन सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेतो, किंवा मुळं तशीच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग काढायचा पर्याय समोर ठेवतो. तुमच्या ओपीजीत ही खूण असूनही यातलं काहीच झालं नसेल आणि कुणी चकार शब्द काढला नसेल, तर तुमच्या तक्रारीत जीव आहे. मुळं नसेपासून लांब दिसत असतील, तर धोका आधी दिसलाच नव्हता असं ते म्हणतील. मग मुद्दा शस्त्रक्रिया कशी झाली यावर जाईल, आणि ते सिद्ध करणं जास्त अवघड. म्हणूनच ती फिल्म १५,००० रुपयांपेक्षा महाग आहे. त्यांनाही ते माहीत असावं, नाहीतर अट कशाला घातली असती?

फॉर्मचं म्हणाल तर इंजेक्शननंतर सही घेतली म्हणून ती आपोआप रद्द होत नाही. भूल जबड्याची होती, डोक्याची नव्हती, हा युक्तिवाद ऐकायची तयारी ठेवा. प्रश्न माहितीचा आहे. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचार काय, त्याचे मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते आणि काहीच न केल्यास काय होईल, हे कळल्यावर दिलेली संमतीच खरी. तिथे फक्त तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय काढलं होतं, आणि परवानगी बाहेर बसलेल्या आईकडून घेतली होती. मात्र त्याच निकालात हेही आहे की अगदी दूरची, नुसती कागदावरची शक्यता सांगायला डॉक्टर बांधील नाही. अक्कलदाढेत नसेचा धोका ‘दूरचा’ म्हणता येत नाही, असं माझं मत. त्याचा उल्लेख संमतीपत्रात सर्रास असतो. तुमच्या फॉर्ममध्येही असेल. तो मराठीत समजावून सांगितला का, कधी, कोणी, हे आजच आठवेल तसं लिहून ठेवा. शेजारी कोण होतं तेही लिहा. वर्षभराने आठवण दगा देते.

त्या निकालातला आकडाही सांगून ठेवतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. बाईंना डॉक्टरची फी माफ झाली आणि वर २५,००० रुपये भरपाई मिळाली. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी! नंतरच्या काही प्रकरणांत मोठ्या रकमा मिळाल्या आहेत, पण कोणी ‘वीस लाख नक्की’ म्हणालं तर त्या वकिलाचा चहा पिऊन घरी या.

पोलिसांचा रस्ता मी सुचवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरवर गुन्हा नोंदवायला ढोबळ, म्हणजे अगदी गंभीर, निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत. तुमची हकिकत तिथवर जात नाही. भावाचा राग मी समजू शकतो, पण त्याला एवढं सांगा की दवाखान्याचं नाव घेऊन व्हॉट्सअॅपवर काही टाकू नको. बदनामीची उलटी नोटीस आली तर आपली गाडी रुळावरून घसरते.

जायचं असेल तर ग्राहक आयोगात. डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून ठरलेलं आहे. (वकिलांना मात्र २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून बाहेर ठेवलं. मी स्वतः वकील, बोललो तर पक्षपात दिसेल.) २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या पुण्याच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, साताऱ्याला खेटे घालायला नकोत. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच धरा, त्यातले आठ महिने गेलेच आहेत. उशिराला कारण दाखवून माफी मिळते, पण त्यावर विसंबू नका. बिल दिलं नाही, हीही या कायद्यात अनुचित प्रथा आहे; तुमच्या गूगल पेच्या नोंदीवरून पैसे दिल्याचं दिसेल. दवाखाना आणि सर्जन, दोघांनाही पक्षकार करावं लागेल. सर्जनचं नाव तुम्हाला माहीत नसेल, तर ते कागदांत सापडेल.

आयोगाआधी दोन कामं करा. पहिलं तब्येतीचं: नसेच्या दुखापतीत वेळ महत्त्वाची असते, म्हणून मुखशल्यतज्ज्ञाला (तोंड-जबड्याच्या सर्जनला) लगेच दाखवा. ते कापसाने आणि टाचणीने स्पर्श तपासून बधिर भागाची हद्द आखतात. ती कागदावर, तारखेसह, मागून घ्या. शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयातला कागद असेल तर समोरच्याला बोट ठेवायला जागा कमी. मुंबईत एक आहे. काही खर्च झाला तर पावती ठेवा.

दुसरं, नोंदींचा अर्ज. रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांचा नियम आहे, आणि दंतवैद्यही त्याला अपवाद नाहीत. एक्स-रे पैशाच्या अटीवर अडवून ठेवता येत नाही. तरीही दिला नाही तर राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद भरपाई देत नाही, पण नोंदणीवर कारवाई करू शकते, म्हणून तिच्या पत्राला उत्तर येतं. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, एक प्रत व्हॉट्सअॅपवरही टाका. मजकूर एवढाच: ‘अमुक तारखेला माझी डावीकडची खालची अक्कलदाढ आपल्या दवाखान्यात काढली. शस्त्रक्रियेआधीचे व नंतरचे सर्व एक्स-रे, केसपेपर, मी सही केलेलं संमतीपत्र आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं नाव व नोंदणी क्रमांक यांच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा खर्च मी देईन.’ १५,००० चा, भावाचा किंवा माझा उल्लेख त्यात नको.