बुरशीला विषाणू लागलाय का, हे आधी तपासून घे

बुरशी उष्णता, खारटपणा असा ताण किती सोसते, याचे प्रयोग सुरू करण्याआधी तुझ्या बुरशीच्या वाणात विषाणू आहे का, ते बघ. पेट्रीडिशवर काही दिसत नाही म्हणून नाही असं धरू नकोस. बुरशीतले बरेच विषाणू गुपचूप राहतात. त्यांचा जनुकसंच बहुधा आरएनएचा असतो. ते सहसा बाहेरून येऊन लागत नाहीत, तर बुरशीचे तंतू एकमेकांत मिसळले की किंवा बीजाणूंमधून पुढे जातात.

विषाणू म्हणजे नुकसानच, हा समज मात्र सोडून दे. चेस्टनटच्या झाडाला मारणारी बुरशी हायपोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे मवाळ होते, हे खरं. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या तापलेल्या जमिनीतलं गवत, त्यात राहणारी कर्व्हुलॅरिया बुरशी आणि तिच्यातला विषाणू असं त्रिकूट २००७ साली समोर आलं. तिघं एकत्र असतील तरच ते गवत ६५ अंश सेल्सिअसची जमीन सोसतं. बुरशीतून विषाणू काढला की ही सहनशक्ती गेली, परत घातला की आली.

तुलनेची रीत यातूनच शिक. विषाणू असलेला आणि नसलेला, पण बाकी एकाच कुळीचा वाण घे. मी सुरुवातीला दोन वेगळे वाण घेतले आणि सहा महिने वाया घालवले! विषाणू काढायला एकेका बीजाणूपासून किंवा तंतूच्या टोकापासून वाढ घे. आणि खारटपणा, उष्णता, हायड्रोजन पेरॉक्साइड हे ताण वेगवेगळे तपास. एका ताणात टिकणारी बुरशी दुसऱ्यात सहज आडवी होते.