गोव्याच्या दमट हवेत आजोबांचा जुन्या नाण्यांचा संग्रह पुढची पंचवीस-तीस वर्षे कसा जपावा?

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे. डिचोलीतले चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे जुने घर, तुम्ही बोटीवर असल्यामुळे वर्षाचा बराच काळ बंद. आजोबांनी जमवलेली नाणी, म्हणजे पोर्तुगीज चांदीचे रुपये, तांब्याचे तांगे (गोव्यातले जुने नाणे), शिशा-कथलाचे थोडे बझारूक (पोर्तुगीज काळातले हलक्या किमतीचे नाणे), आणि गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचे म्हणून सांगितलेले सोन्याचे एक नाणे. काही लाकडी पेटीत मखमलीवर आहेत, काही प्लास्टिकच्या अल्बममध्ये. तांब्यावर हिरवे येऊ लागले आहे. आगीपासून वाचवणारी तिजोरी घ्यावी की बँकेत लॉकर, हे तुम्हाला ठरवायचे आहे, आणि लिस्बनच्या चुलतभावाला त्याच्या वाट्याची नाणी पाठवायची आहेत.

मी फोंड्याला असतो आणि इंडो-पोर्तुगीज नाण्यांचाच नाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तिजोरी आणि लॉकरकडे शेवटी येतो, कारण आपल्याकडे नाण्याला चोराच्या आधी हवा गाठते. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, किनाऱ्याकडे त्यात मिठाची भर. चिऱ्याची भिंत पाणी ओढून घेते, त्यामुळे भिंतीतले कपाट म्हणजे नाण्यांसाठी घरातली सर्वांत वाईट जागा. तळमजल्यावरचे तर विचारूच नका.

आधी नाणी धातूप्रमाणे वेगळी करा. वर्ष आणि राजा हे नंतर पाहता येईल.

शिशा-कथलाचे बझारूक आजच लाकडी पेटीतून बाहेर काढा. सागवान असो की शिसवी, लाकडातून वर्षानुवर्षे थोडेथोडे सेंद्रिय आम्ल वाफेच्या रूपाने बाहेर पडत राहते आणि शिसे त्याला फार लवकर बळी पडते. नाण्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ समजून फुंकू नका. ते शिशाचे क्षार असतात, विषारी. हातमोजे घाला, नाणे वेगळ्या पुडीत ठेवा आणि मुलांना लांब ठेवा. बझारूक दिसायला ओबडधोबड, म्हणून वारसदार त्यांच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष देतात. माझ्या मते तुमच्या पेटीतली सर्वांत नाजूक नाणी तीच आहेत.

सोन्याला हवेची भीती नाही. त्याची भीती वेगळी, ओरखडे आणि नक्कल. गोव्याच्या कदंबांच्या नाण्यांवर सिंह असतो आणि नागरी लिपीत सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असतो. हा तोच सप्तकोटीश्वर, ज्याच्या नार्व्याच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला. या नाण्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. खात्री करून घेईपर्यंत ‘कदंबांचे सोन्याचे’ असे कुठेही लिहू नका, कुणाला सांगूही नका.

चांदीकडे येऊ. तुमच्याकडचा १८८१चा, पोर्तुगालचा राजा दों लुईश याचा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला आहे. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे ब्रिटिश रुपयाच्याच तोलामोलाचा. १८७८च्या करारानंतर पोर्तुगीजांना आपल्या इथल्या नाण्याचा मेळ ब्रिटिश नाण्याशी घालावा लागला होता. १९४७च्या रुपयात चांदी निम्मी आहे आणि १९५२चा तर तांबे-निकेलचा. हे सांगायचे कारण एवढेच, की सगळे ‘पोर्तुगीज रुपये’ एका डब्यात ठेवले तरी ते एकाच प्रकारे काळवंडणार नाहीत. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि गंधक रबर बँडमध्ये असते, लोकरीत असते, स्वस्त पुठ्ठ्यात आणि वर्तमानपत्रातही असते. पुडीला रबर बँड लावून ठेवलेल्या नाण्यावर त्या रबराची काळी रेघ कायमची उमटते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कपड्यांसाठी ठीक, नाण्यांच्या डब्यात नकोत.

आता तो अल्बम. जुने, मऊ, किंचित चिकट लागणारे आणि वास येणारे प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असते. ते हळूहळू विघटित होते, आम्ल सोडते, आणि त्याला मऊ ठेवणारी तेलकट द्रव्येही बाहेर येतात. नाण्यावर हिरवट चिकट थर दिसतो तो त्याचाच. खात्री करायची असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे खिडकी उघडी ठेवून करा, धूर चांगला नसतो. नवीन घेताना मायलार (पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म), पॉलिप्रॉपिलीन किंवा कडक अॅक्रिलिकच्या कॅप्सूल घ्या. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ३ असेल तर पीव्हीसी, परत ठेवून द्या. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरला स्टेपलरच्या पिना मारतात, त्या आपल्याकडे एका पावसात गंजतात. स्टेनलेसच्या पिना मिळाल्या तर बरे, नाहीतर कॅप्सूलच घ्या. मखमलीचा रंग आणि खालचा डिंक दोन्ही ओल धरतात. पेटी आठवण म्हणून ठेवा, पण रिकामी.

प्लास्टिकचा तो चिकट थर शुद्ध अॅसिटोनने जातो. नखांचे पॉलिश काढायचे मिळते ते नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत, ज्योतीपासून दूर, नाणे थोडा वेळ बुडवा. घासायचे नाही, दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये धुऊन तसेच वाळू द्यायचे. याखेरीज कोणतीही सफाई करू नका. चवथीच्या आधी समया चिंचेने आणि भिंडसोलांनी (कोकमांनी) लखलखीत करणारे हात आपल्या प्रत्येक घरात आहेत, आणि जुन्या नाण्यांना त्या हातांपासून वाचवणे हे माझ्या मते निम्मे संवर्धन आहे. आंबट पदार्थ तांब्याची वरची त्वचाच खातात. चकाकणारा जुना तांगा जाणकाराच्या हातात गेला की किंमत तिथेच पडते.

तांब्यावरचे हिरवे दोन प्रकारचे असते, आणि तुमच्या प्रश्नातला खरा जिव्हाळ्याचा भाग हाच. गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवी किंवा तपकिरी साय असेल तर ती नाण्याचे संरक्षणच करते, तिला हात लावू नका. पण फिकट, पोपटी, भुसभुशीत ठिपके असतील आणि मऊ ब्रशने झटकल्यावर काही दिवसांत पुन्हा आले, तर धातूत क्लोराइड शिरले आहे. मीठ, घाम, किनारी हवा, सगळे इथे येऊन मिळते. आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या वर गेली की ही प्रक्रिया पुन्हा सुरू होते आणि नाणे आतून पोखरले जाते. अशी नाणी बाकीच्यांपासून वेगळी करून सुक्या डब्यात ठेवा. रासायनिक उपचार घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे, दोन-चार महत्त्वाच्या नाण्यांसाठी तिथे विचारा.

सुके ठेवायचे कसे? छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट वापरतात, बुरशी लागू नये म्हणून. घरात माणसे राहत असती तर मी तेच घ्यायला सांगितले असते. पण तुमचे घर बंद आणि पावसाळ्यात वीज आपल्याकडे केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून सिलिकॉनच्या रबराचे झाकण असलेले हवाबंद पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, प्रत्येक धातूला एक. आत रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. मापक खरा सांगतो का हे तपासायचे तर मिठात थोडे पाणी घालून ओला चिखल करा, मापकासोबत बंद बरणीत रात्रभर ठेवा. आकडा ७५च्या आसपास आला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, पुन्हा कामाचे होते. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असते. भरण्याचे काम जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दुपारी करा, म्हणजे डब्यात कोंडली जाणारी हवाच मुळात सुकी असेल. नाणे नेहमी कडेने धरा, खाली टॉवेल पसरा.

आता तिजोरी. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीच्या भिंतीत पाणी धरून ठेवणारे द्रव्य भरलेले असते, आगीत तेच वाफ होऊन आतला माल थंड ठेवते. परिणामी एरवीही आत ओल राहते. तुमच्या हवेत आणि बंद घरात ती मी घेणार नाही. लॉकर घ्या, आणि हवाबंद डबे जसेच्या तसे त्यात ठेवा, कारण बँकेची खोलीही दमटच असते.

लॉकरचे नियम मात्र नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडे ३,००० असेल तर ३ लाख. पूर-भूकंपाची जबाबदारी नाही, आणि आतल्या वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही. तो तुम्हाला वेगळा घ्यावा लागेल, मूल्यांकनासह. बोटीवरच्या माणसासाठी एक कलम महत्त्वाचे. भाडे वेळेवर जात असले तरी सात वर्षे लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा पत्ता लागला नाही, तर बँक तो उघडू शकते. तेव्हा प्रत्येक सुट्टीत एकदा उघडाच, जेलही त्याच वेळी बदला. १ नोव्हेंबर २०२५पासून लॉकरला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, पण एकामागून एक या क्रमाने, एकत्र नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या कायद्याची परंपरा आजही चालते. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची समाईक, आणि मृत्युपत्र केले तरी निम्मी मालमत्ता सक्तीच्या, म्हणजे मुलांसारख्या कायद्याने ठरलेल्या वारसांच्या हक्काबाहेर नेता येत नाही. आजोबांच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची न्यायालयीन कारवाई झाली होती का, त्यात नाणी लिहिली होती का, ते आधी वकिलाकडून पाहून घ्या. नसेल तर डबे भरण्याआधी यादी करा. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मिलिमीटरच्या पट्टीसह, वजन सोनाराच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत, व्यास, कुठून आले ते माहीत असेल तर तेही. यादीवर वारसांच्या सह्या घ्या. यादीत लॉकरचा पत्ता लिहू नका आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बंद घरांची माहिती आपल्या गावात आधीच सगळ्यांना असते.

चुलतभावाच्या वाट्याचे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, भेट म्हणूनही नाही, सामानात घालूनही नाही. म्हणजे १८८१चे रुपये, १९०३चे, १९१२चे, सगळे बझारूक, सगळे इथेच राहणार. त्याचा हिस्सा त्याच्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवा किंवा पैशांत भागवा. १९३५, १९४७, १९५२चे रुपये आणि १९५८-५९ची एश्कुद या पोर्तुगीज चलनातली नाणी अजून शंभर वर्षांची नाहीत. ती पाठवायची असतील तर कुरियरच्या भरवशावर न राहता आधी दाभोळी विमानतळावर कस्टम्समध्ये विचारा आणि उत्तर लेखी घ्या.