थ्रीडी स्लाइसर फुकट आहे म्हणून थिसिससाठी त्यावर विसंबू नये का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एमएस ऑर्थो करतोय, दुसरं वर्ष. ॲसिटॅब्युलमच्या (खुब्याच्या वाटीच्या) फ्रॅक्चरवर थिसिस आहे, थ्रीडी स्लाइसर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सीटीवरून हाडाचं मॉडेल करून प्लेटचं प्लॅनिंग करायचंय. गाइड म्हणतात फुकटच्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचा नसतो, विकतचं मिळव नाहीतर विषय बदल. काय करू? आणि पुढे त्यावर नेव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशन करताना हत्यार हाडात कुठे आहे ते पडद्यावर बघणं, करता येईल का?

विषय बदलू नका. स्लाइसर वापरा. उत्तर एवढंच आहे, पण तुमच्या गाइडांचं ते वाक्य मी जुलै २०१७ मध्ये एका ओटीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, चार रेसिडेंटांसमोर, स्वतःबद्दल ऐकलेलं आहे. त्यामुळे जरा लांबेल.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. तेव्हा एका रुग्णालयाला सीटीवरून हाडांची मॉडेलं करून द्यायचे. रुग्णालयाचं नाव घेत नाही, तिथल्या सर्जन सरांचंही नाही. दिवे घाटात दुचाकी घसरलेला तिशीतला माणूस, उजवं ॲसिटॅब्युलम फुटलेलं. फुटलेल्या बाजूवर प्लेट वाकवून बघता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. शाबूत डावी बाजू घ्यायची, तिचा मिरर (आरशातलं प्रतिबिंब) करायचा, तो थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यावर प्लेट वाकवून ठेवायची, असं ठरलं होतं.

रेसिडेंटने मला पेनड्राइव्हवर एक फोल्डर दिलं. आत जेपीजी. स्कॅन सेंटरच्या सीडीतल्या व्ह्यूअरमधून काढलेली साडेतीनशेच्या आसपास चित्रं, ओळीने क्रमांक दिलेली. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली, माग, असं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. मला घाई होती. पिक्सेलचं माप आणि दोन स्लाइसमधलं (सीटीच्या दोन कापांमधलं) अंतर त्याला फोनवर विचारून मी हाताने भरलं आणि कामाला लागले.

चित्रं चढली आणि पेल्विस (कंबरेचं हाडांचं कडं) उलटं उभं राहिलं, वरची बाजू खाली. कारण साधं होतं. सेंटरने क्रमांक वरून खाली दिले होते. जेपीजीच्या गठ्ठ्यात दिशेची काहीच माहिती नसते, त्यामुळे स्लाइसर पहिलं चित्र सगळ्यात खालचं धरतो. मी काय केलं? माउसने फिरवून सरळ केलं. फ्रॅक्चर पडद्यावर उजव्या हाताला आलं, रिपोर्टमध्येही उजवं लिहिलेलं. जुळलं म्हटलं.

इथेच फसले. पेशंटला समोरून बघताना त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते. पडद्यावर उजवीकडे उजवं फ्रॅक्चर दिसणं हीच धोक्याची घंटा होती. थर उलट्या क्रमाने रचले गेले तर हाडाचं प्रतिबिंब तयार होतं, आणि प्रतिबिंब फिरवून सरळ होत नाही. डाव्या पायातली चप्पल कशीही फिरवा, उजव्या पायात जात नाही. माझं डावं शाबूत हाड आत जातानाच उजव्या आकाराचं झालं होतं. त्यावर मी इमानदारीत मिररचं बटण दाबलं. झालं परत डावं.

(जाणकार म्हणतील, हा आरएएस आणि एलपीएस या दोन अक्षपद्धतींचा घोळ असणार. नव्हता. स्लाइसर आत एक अक्षपद्धत वापरतो आणि डायकॉम दुसरी, हे खरं आहे, पण त्या घोळात दोन अक्षांची चिन्हं एकदम बदलतात, म्हणजे मॉडेल १८० अंशांत फिरतं. प्रतिबिंब होत नाही.)

बुधवारी दुपारी सरांनी मॉडेल हातात घेतलं. अंगठा वाटीत घातला, बोटं मागच्या बाजूला नेली. दोन सेकंद लागले असतील.

“हा डावा आहे.”

“सर, मिरर केलाय.”

“मग तुझ्या सॉफ्टवेअरने परत फिरवला असेल. फुकटच्या वस्तूवर पेशंट ठेवायचा नसतो, बाई.”

त्यांच्या त्या दोन सेकंदांबद्दल मला आजही आदर आहे. पुढच्या वाक्याबद्दल नाही.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट मला त्या रात्री लक्षात आली. मी मिररचं बटण दाबायला विसरले असते, तर बरोबर उजवं मॉडेल हातात आलं असतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं असतं, सर खूश झाले असते, आणि मी पुढची कित्येक वर्षं जेपीजीवरच मॉडेलं करत राहिले असते.

ऑपरेशन शुक्रवारी होतं. बुधवारी संध्याकाळी भर पावसात टिळक रोडजवळच्या त्या सेंटरवर गेले. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटांत पूर्ण डायकॉम कॉपी करून दिलं. वर म्हणाला, “मॅडम, सगळे जेपीजीच मागतात, व्हॉट्सॲपवर पाठवायला बरं पडतं.” पाच मिनिटं! डायकॉमच्या प्रत्येक स्लाइसमध्ये तिची जागा आणि दिशा लिहिलेली असते. फाइलींना क्रमांक कसेही द्या, स्लाइसर तीच माहिती वाचून थर रचतो. हाउन्सफील्डचे (सीटीतल्या घनतेचे) आकडेही जसेच्या तसे येतात, पाणी ०, हवा उणे १०००. जेपीजीत त्यांचे ० ते २५५ असे करडे ठिपके उरतात, आणि हाडाचा थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यापासून हाड धरायचं ती मर्यादा) मग नजरेच्या अंदाजाने लावावा लागतो.

प्रिंटर धायरीत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये होता. अकरा तासांचं काम, आणि दुसरा दिवस गुरुवार. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, हे पुणेकराला सांगायला नको. साडेनऊला प्रिंट सुरू करून आम्ही दोघं तिथेच बसलो. सकाळी साडेआठला संपली, सव्वानऊला महावितरणने वीज घालवली. दुपारी प्लेट वाकवली. पीएलएचं (प्रिंटरच्या प्लास्टिकचं) मॉडेल ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, त्यामुळे निर्जंतुक करून आत गेली ती फक्त प्लेट. शुक्रवारी ती बसली. सर “ठीक आहे” म्हणाले. त्यांच्या तोंडी ते बरंच असतं.

पण गोष्ट बाहेर पसरली ती अशी की फुकटच्या सॉफ्टवेअरने पेल्विस उलटं केलं.

आता त्या ‘फुकट’बद्दल. स्लाइसर १९९८ मध्ये बॉस्टनला एका मास्टर्सच्या थिसिसमधून सुरू झाला, ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलची सर्जिकल प्लॅनिंग लॅब आणि एमआयटी यांच्यात. थिसिसमधून, हे गाइडांना जरूर सांगा. त्याच्या पोटात व्हीटीके आणि आयटीके या दोन लायब्ररी, म्हणजे चित्रं दाखवायचा आणि त्यांवर काम करायचा तयार कोड, आहेत. व्हीटीके १९९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या तिघांनी लिहिलं. आयटीकेचं काम १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून सुरू झालं. सीटीवरून हाडाचा पृष्ठभाग काढायची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीतही १९८७ची, लॉरेन्सन आणि क्लाइन यांची, तीही जीईमधलीच. हीच व्हीटीके लायब्ररी अनेक विकतच्या पॅकेजांच्या आतही बसलेली असते. म्हणजे गाइड ज्यावर विश्वास ठेवायला सांगतात आणि ज्यावर ठेवू नको म्हणतात, त्या दोन्हींचं इंजिन पुष्कळदा एकच असतं. फरक असा की एकाचं बॉनेट उघडता येतं.

त्या रुग्णालयाने वर्षभराने विकतचं एक पॅकेज घ्यायचं ठरवलं. डेमोला मी तोच जेपीजीचा फोल्डर घेऊन गेले. खोडसाळपणाच होता तो, कबूल. पॅकेजने विचारलं, वरची बाजू कुठली, डावी कुठली. मी मुद्दाम उलटं भरलं. त्याने निमूट मान्य केलं आणि तेच डावं हाड पडद्यावर आणलं. सर मोबाइलमध्ये बघत होते. परवान्याचा करारही मी वाचला. निदानाची आणि उपचाराची जबाबदारी वापरणाऱ्या डॉक्टरची, हे त्यातही लिहिलेलं होतंच. मग “पैसे मोजले की जबाबदारी त्यांची” हा समज कुठून आला?

(बरं, त्याने निदान विचारलं तरी. स्लाइसरने विचारलं नव्हतं. हा गुण त्याला द्यायला हवा, आणि हे मी सरांना कधी बोलून दाखवलेलं नाही.)

तुमच्या कामाचं बोलू. सेंटरकडून डायकॉमच घ्या, बारीक स्लाइसची सीरिज मागा, एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. सेंटर पाच मिलिमीटरची सीरिज फिल्मसाठी करतं, ती घेऊन बसलात तर वाटीला पायऱ्या पडतील. सेगमेंटेशनच्या (चित्रातून हाड वेगळं काढण्याच्या) आधी पडद्यावरची आर आणि एल ही अक्षरं रिपोर्टशी ताडून बघा, आणि त्या दिवशी पेशंट वॉर्डात असेल तर त्याच्याशीही. थिसिसमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहा, नुसतं ‘स्लाइसर वापरला’ असं नको. मापं दोघांनी, एकमेकांची न बघता घ्या. टोटलसेगमेंटेटर हे साधन हल्ली डावं-उजवं खुब्याचं हाड आपोआप वेगळं करून देतो, सुरुवातीला वेळ वाचतो. पण तुमचा विषय फ्रॅक्चर आहे. तुकडा कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो, तिथे हाताने बसावंच लागतं.

नेव्हिगेशनचं थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत फारसा नाही. स्लाइसरला जोडायचं स्लाइसरआयजीटी आहे, ट्रॅकर आणि अल्ट्रासाउंड जोडायला कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीचं प्लस टूलकिट आहे, दोघांत निरोप पोचवायला ओपनआयजीटीलिंक. फँटमवर (चाचणीच्या नकली अवयवावर) किंवा सुक्या हाडांवर करा, झकास प्रयोग होईल. तिथेही एक फसवा आकडा असतो. खुणांचे बिंदू जुळवल्यावर जी चूक पडद्यावर दिसते, ती त्या खुणांपुरती असते. स्क्रू जिथे जायचाय तिथली चूक तिच्याहून बरीच मोठी असू शकते. पहिला आकडा लहान आला म्हणून थिसिसमध्ये अचूकता सिद्ध झाली असं लिहू नका, परीक्षक जागा असेल तर तिथेच धरेल.

आणि हे मी वरच सांगायला हवं होतं: स्लाइसर करणारे स्वतःच म्हणतात की तो संशोधनासाठी आहे, रुग्णावर वापरायला मंजुरी मिळालेलं ते उपकरण नाही. आपल्याकडेही ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आलं, १ एप्रिल २०२० पासून. तेव्हा खऱ्या पेशंटच्या ऑपरेशनमधला निर्णय त्यावर ठरणार असेल तर सिनॉप्सिसमध्ये तसं स्पष्ट लिहा आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. या एका मुद्द्यावर तुमचे गाइड बरोबर असू शकतात. पण मग त्यांनी ‘मंजुरी नाही’ म्हणावं. ‘फुकट आहे’ हे कारण होत नाही.

गेल्या वर्षी एका लग्नात सर भेटले. पंगतीत शेजारच्या डॉक्टरांना माझी ओळख करून देत म्हणाले, “हिच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने माझा पेशंट आरशात घातला होता.” मी म्हटलं, “सर, आरशात मी घातला होता, जेपीजीवरून.” त्यांनी जिलबी वाढणाऱ्याला हाक मारली.

ते डावं मॉडेल अजून माझ्या टेबलावर आहे, वाटीत पिना ठेवते. गाइडांना दाखवायचं असेल तर घेऊन जा. फक्त गुरुवारी येऊ नका, लिफ्ट बंद असते.