वाचकांचे प्रश्न : मोर मशीनने काढला, पण विणायचा कसा?

या वेळी निम्म्याहून अधिक पत्रं एआयबद्दल आली. काळजी सगळ्यांची एकच आहे: हे आपल्या कामाचं, घराचं, शेताचं काय करणार? त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

आमचे यंत्रमाग आहेत. चादरीची डिझाइनं काढणारे काका आता थकले. पुतण्या मोबाइलवर एआयकडून मिनिटभरात मोर आणि कोयऱ्या काढून आणतो. चित्र देखणं असतं, पण जॅकार्डवर घेतलं की बिघडतं. असं का? आणि डिझायनरची गरज आता संपली का?
— एक यंत्रमागधारक, अशोक चौक, सोलापूर

एआय चित्र काढतं, कापड विणत नाही, म्हणून बिघडतं. जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र. त्याच्या ग्राफवर, म्हणजे चौकटींच्या नक्षीकागदावर, एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा (उभा) एक धागा आणि एक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा, म्हणजे एक पिक. एआयला हा हिशेब कोणी सांगितलेलाच नसतो.

समजा तुमच्या मागावर एका रिपीटला (नक्षीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला) 480 हुक (ताण्याचा एकेक धागा उचलणारे आकडे) आहेत, इंचात 48 धागे आणि 40 पिक. रिपीट 10 इंच रुंद झाला. तो 10 इंच उंचही हवा असेल, तर ग्राफ 480 बाय 400 चौकटींचा लागतो. पुतण्याने 480 बाय 480 चं चौरस चित्र तसंच चढवलं, तर उंची 12 इंच होते आणि मोराची मान ताणली जाते. तुमच्या मागाचे आकडे टाकून हा गुणाकार आधी करायचा, चित्राला हात नंतर लावायचा.

दुसरी गडबड रंगांची. डोळ्यांना चार रंग दिसतात, पण कडा मऊ दिसाव्यात म्हणून एआयने मध्ये शेकडो छटा भरलेल्या असतात. मागावर जितक्या रंगांचं सूत आहे, तितक्याच रंगांवर चित्र आणा. आकार बदलताना कडा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा, नाहीतर छटा पुन्हा येतात. मग मोठं करून एकेक सुटी चौकट हाताने साफ करा. खरा वेळ इथेच जातो. मोराचा डोळा पाच-सहा चौकटींचा असतो. त्यातली एक चुकली तरी डोळ्याच्या जागी नुसता डाग दिसतो.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. प्रत्येक रंगाला त्याची वीण, म्हणजे उभे-आडवे धागे एकमेकांत बांधण्याची पद्धत, द्यावी लागते. ती न देता मोठा सपाट भाग तसाच सोडला, तर धागा बांधला न जाता वर तरंगतो. इंचात 48 धागे असताना 24 चौकटी मोकळ्या राहिल्या, की अर्धा इंच सूत सुटं राहतं. ते बांगडीत अडकतं, पायाच्या बोटात अडकतं, धुण्यात ओढलं जातं. गिऱ्हाईक चादर परत आणतं, आणि नाव तुमचं जातं. शेवटी चित्र चार वेळा शेजारी-शेजारी, वर-खाली लावून पाहा. जोड दिसला तर रिपीट चुकला आहे.

म्हणजे पहिली कल्पना सुचवण्याचं काम एआय चांगलं करतं आणि पुढचं सगळं काकांचं आहे. त्यांच्याकडे बसून पुतण्याने वीण भरायला आत्ताच शिकावं. ही विद्या बरीचशी हाताच्या अनुभवातून येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं, तुमच्या एकेका डिझाइनचं नाही. त्यासाठी डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी करता येते. संरक्षण 10 वर्षं मिळतं, पुढे 5 वर्षं वाढवता येतं. अट अशी की डिझाइन आधी कुठेही जाहीर झालेलं नको. तेव्हा नोंदणीचा अर्ज आधी आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो नंतर.

शेजारच्या आजींना नातवाच्या आवाजात फोन आला, "अपघात झालाय, लगेच पैसे पाठव." नातू पुण्यात सुखरूप होता. हुबेहूब आवाज कसा काढतात? आम्ही म्हाताऱ्या माणसांनी ओळखायचं कसं?
— एक ज्येष्ठ वाचक, जुळे सोलापूर

आवाजाची नक्कल करायला आता थोडासाच नमुना पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी 2023 मध्ये तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज तयार करणारी प्रणाली मांडली होती. रील किंवा स्टेटसमधून तेवढं सहज मिळतं.

कानाने ओळखायचा प्रयत्न करूच नका. लाईन खरखरते का, श्वास ऐकू येतो का, या खुणा भरवशाच्या नाहीत आणि दिवसेंदिवस पुसल्या जात आहेत. व्हिडिओसुद्धा बनवता येतो. पडताळा आवाजाचा नको, नंबरचा घ्या. फोन ठेवा आणि नातवाच्या आपल्याकडे जतन असलेल्या नंबरवर स्वतः लावा. तो लागला नाही तर त्याच्या आईला, मित्राला, वसतिगृहाला. समोरचा "फोन ठेवू नको, कोणाला सांगू नको" म्हणाला, तर फसवणूक आहे असंच धरून चाला.

घरात एक परवलीचा शब्द ठरवा. वाढदिवस, गावाचं नाव, कुलदैवत नको. हे सगळं फेसबुकवर सापडतं. घरच्यांनाच माहीत असलेली एखादी जुनी गोष्ट घ्या आणि तो शब्द फोनवर कधीही लिहून पाठवू नका. पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अटक" करणारेही आहेत. अशी अटक भारतीय कायद्यात नाही.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. व्यवहाराची वेळ, रक्कम, आपली बँक आणि यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर वाचतात, म्हणून मुलगा संध्याकाळी घरी येईपर्यंत थांबू नका. आणि आजींना कृपा करून कोणी बोल लावू नका. लाजेपोटी लोक तक्रार लपवतात आणि तिथेच पैसे जातात.

नववीच्या मुलांचे निबंध एआयने लिहिलेले वाटतात. ते पकडणारं सॉफ्टवेअर शाळेने घ्यावं का?
— एक शिक्षिका, बार्शी

नको. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. स्वतः लिहिलेल्या मुलावर आळ येण्याचा धोका खरा आहे, आणि त्या वयात तो आळ पुसला जात नाही. कच्चा मसुदा वर्गात, हाताने लिहून घ्या. घरी फक्त सुधारणा. मग ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला जवळ बसवून, त्यानेच वापरलेल्या दोन वाक्यांचा अर्थ विचारा. विषयही "माझा आवडता ऋतू" नको. "आपल्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं आणि घरात ते कसं साठवतात" असा द्या.

डाळिंबाच्या पानाचा फोटो टाकून चॅटबॉटला विचारलं. त्याने तेल्या रोग सांगून औषध आणि मात्राही दिली. फवारू का?
— एक बागायतदार, सांगोला

त्या मात्रेवर फवारू नका. चॅटबॉट पुढचा संभाव्य शब्द जोडत उत्तर तयार करतो. लिटरला अर्धा ग्रॅम की पाच ग्रॅम, दोन्ही तो सारख्याच ठामपणे लिहितो. त्याने वाचलेली माहिती जुनी असू शकते, आणि औषधांना मिळालेली परवानगी बदलत असते. मात्रा आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस बाटलीच्या लेबलावरूनच घ्या. निर्यातीचा माल असेल तर फळावर राहिलेल्या औषधाच्या अवशेषापायी अख्खा कंटेनर अडकतो.

निदानासाठी पान सूर्याकडे धरून पाहा. तेल्याचे ताजे ठिपके तेलकट, अर्धपारदर्शक दिसतात. फळावर काळा डाग पडून 'एल' किंवा 'वाय' आकाराची भेग जाते. तेल्या जिवाणूजन्य आहे, त्यामुळे नुसतं बुरशीनाशक मारून तो आटोक्यात येत नाही. रोगट फांद्या आणि पडलेली फळं बागेबाहेर नेऊन जाळा, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. पानाची पुढची बाजू, उजेडाकडे धरलेलं पान, फळ आणि फांदीचा पेरा असे चार फोटो काढा आणि रोगट पान-फळाचा नमुना घेऊन सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा. तोपर्यंत किसान कॉल सेंटर 1800-180-1551 वर सकाळी 6 ते रात्री 10 मराठीत विचारता येतं.