ग्लायकोलिसिसचं मॉडेल उडतंय, कोड चुकलाय का?

प्रश्न: मॅडम, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी यीस्टच्या ग्लायकोलिसिसचं, म्हणजे साखर तोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेचं, कॉम्प्युटर मॉडेल करतोय. दहाही स्टेप्सची इक्वेशन्स टाकली, एन्झाइमचे आकडे पेपरमधून घेतले, पण रन केलं की फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट (साखर तुटताना मधे तयार होणारा पदार्थ) वाढतच सुटतं आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तळाला जातं. गाइड म्हणतात कोड चुकलाय, मला तर तीन आठवडे शोधून काही सापडलं नाही. त्यापेक्षा सगळ्यात स्लो एन्झाइम शोधून तेवढंच नीट मॉडेल केलं तर चालेल का?

उत्तर: पहिली गोष्ट, तो ग्राफ डिलीट करू नका. कोड चुकलेला असू शकतो, पण जिवंत पेशीतही अगदी असंच होतं, त्यामुळे आधी युनिट्स तपासा आणि मग बायोलॉजीकडे या.

युनिट्सचं म्हणजे कसं, एन्झाइमचा कमाल वेग पेपरमध्ये बहुतेक वेळा दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे दिलेला असतो आणि तुमच्या इक्वेशनला तो मिलिमोलर दर मिनिट हवा असतो. यीस्टमध्ये 1 मिलिग्रॅम प्रोटीनमागे पेशीतला द्रव साधारण 3.75 मायक्रोलिटर धरतात, म्हणजे पेपरमधल्या आकड्याला सुमारे 270 नं गुणायचं. निम्मे एन्झाइम गुणले आणि निम्मे तसेच राहिले की मॉडेल उडणारच, हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोणाचंही मॉडेल आलं की आधी तोच कॉलम उघडते. दुसरं म्हणजे एटीपी आणि ते खर्च झाल्यावर उरणारे एडीपी आणि एएमपी यांची बेरीज प्रत्येक वेळेला काढून बघा, ती हलत असेल तर कुठेतरी एखादी टर्म राहिलीय.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरी फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट चढतच असेल, तर खरी मजा इथे आहे. ग्लायकोलिसिसमध्ये आधी 2 एटीपी घालायचे आणि मग 4 मिळवायचे. एटीपी वाढलं की वरचा भाग, म्हणजे एटीपीतलं फॉस्फेट साखरेला चिकटवणारे हेक्सोकायनेज आणि फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे एन्झाइम, आणखी जोरात पळतो, पण खालच्या भागाला सुटं फॉस्फेट लागतं आणि ते तर वर साखरेला चिकटून अडकलेलं असतं, मग खालचा भाग मागे पडतो, मधे ढीग साचतो आणि एटीपी परत मिळायचं ते मिळतच नाही. 1998 मध्ये बास ट्यूसिंक आणि सहकाऱ्यांनी याला टर्बो डिझाइनचा धोका म्हटलं होतं आणि मला ते नाव फार चपखल वाटतं.

मग खरं यीस्ट जगतं कसं? त्याच्याकडे ब्रेक आहे. ट्रेहालोज (यीस्ट साठवून ठेवतं ती एक साखर) बनताना मधे ट्रेहालोज-6-फॉस्फेट तयार होतं आणि ते हेक्सोकायनेजला आवरतं. ज्या यीस्टमध्ये ते बनवणारा टीपीएस1 जीन काढून टाकलाय ते ग्लुकोजवर वाढतच नाही, आत हाच ढीग साचतो आणि एटीपी पडतं, पण गॅलॅक्टोजवर मात्र ते वाढतं कारण गॅलॅक्टोज हेक्सोकायनेजमधून जातच नाही! 2014 मध्ये तर असंही दिसलं की ब्रेक शाबूत असलेल्या साध्या यीस्टमध्येसुद्धा अचानक ग्लुकोज मिळाल्यावर थोड्या पेशी याच अवस्थेत अडकतात. म्हणजे तुमच्या मॉडेलनं बहुधा टीपीएस1 नसलेलं यीस्ट बनवलंय. हेक्सोकायनेजच्या इक्वेशनमध्ये ब्रेकची टर्म घाला, आणि ग्लुकोज आत आणणारा ट्रान्सपोर्टर वगळला असेल तर तोही घाला, कारण यीस्टचं हेक्सोकायनेज 0.1 मिलिमोलरच्या आसपासच निम्म्या वेगाला पोचतं, त्याला बाहेरचं 50 मिलिमोलर थेट दिलं तर ते फुल स्पीडलाच राहणार. दोन्ही ग्राफ गाइडना शेजारी शेजारी दाखवा.

आता स्लो एन्झाइमचं. स्टेडी स्टेटला, म्हणजे मधल्या पदार्थांचं प्रमाण बदलायचं थांबलं की, साखळीतल्या प्रत्येक स्टेपमधून सारखाच फ्लो जातो (फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट तुटल्यावर रेणू दुप्पट होतात तेवढं सोडलं तर), मग स्लो कोणाला म्हणायचं? 1973 मध्ये कॅक्सर आणि बर्न्स यांनी आणि 1974 मध्ये हाइनरिश आणि रापोपोर्ट यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की कंट्रोल, म्हणजे फ्लो किती हे ठरवण्याचा वाटा, सगळ्या एन्झाइममध्ये वाटलेला असतो. बरेच जण फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचं नाव घेतात, पण 1989 मध्ये यीस्टमध्ये तो आणि इतर एन्झाइम मुद्दाम वाढवून बघितले तरी अल्कोहोल बनायचा वेग वाढला नाही. तेव्हा दहाही स्टेप्स ठेवा. मॉडेल स्टेडी स्टेटला आलं की ट्रान्सपोर्टर धरून एकेका स्टेपचा कमाल वेग 1 टक्क्यानं वाढवा, इतर तसेच ठेवा, आणि फ्लो किती टक्के वाढला ते लिहून ठेवा. एटीपी खर्च करणारी जी रिअॅक्शन घातली असेल तीही धरा, ती हमखास विसरली जाते. सगळ्यांची बेरीज 1 च्या जवळ यायला हवी, नाही आली तर रन अजून स्टेडी स्टेटला पोचलेलाच नाही किंवा एखादी स्टेप वाढवायची राहून गेलीय.